चोराबरोबर संन्याशालाही सुळी

पाय लटपटतात, चालताना तोल जातो, अशी तक्रार घेऊन एखादा मनुष्य डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर त्याला सरळ रेषेत चालावयास लावतात, स्वतःच्या नाकाला बोट लावावयास सांगतात, गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात, रक्त तपासतात, आणि काही दिवसांनी म्हणतात, "आता छातीचे चित्र काढून आणा." बरोबर आलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. दुखणे पायांचे आणि तपास छातीचा! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असे त्यांना वाटले तर नवल नाही. परंतु काही थोड्या रोग्यांच्या बाबतीत आग खरोखरीच छातीत असते आणि पायांचे लटपटणे ही तिची दूरवर लागलेली धग असते. शरीरात कोठेतरी लपून बसलेल्या कर्करोगामुळे मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू किंवा स्नायू यांवर होणारे हे आघात फार विरळ आहेत. तथापि त्यांची कथा मनोरंजक आहे, आणि वेळेवर ओळख पटली तर ती एखाद्याचे प्राण वाचविणारीही आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही हा विषय निवडला.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. शरीरातील गाठीला आपल्या जुन्या वैद्यकात 'अर्बुद' म्हणत. सुश्रुतसंहितेत हा शब्द आहे. गणितात हाच शब्द एका प्रचंड संख्येचे नाव आहे, आणि एका पेशीपासून कोट्यवधी पेशी होत जाणाऱ्या गाठीला तो शोभतोही. 'कर्करोग' हे नाव ग्रीकांच्या खेकड्यावरून आले. या गाठीच्या आश्रयाने दूर कोठेतरी उद्भवणाऱ्या विकारांना पाश्चात्त्य वैद्यक 'पॅरानिओप्लास्टिक' म्हणते. 'निओप्लाझम' म्हणजे नवी वाढ आणि 'पॅरा' म्हणजे तिच्या बाजूचे, तिच्या संगतीने येणारे. हा शब्द १९४९ साली फ्रेंच वैद्यांनी रूढ केला. मराठीत त्याला अद्याप सुटसुटीत नाव मिळालेले नाही. आम्ही या लेखापुरते त्यांना 'दूराघाती विकार' म्हणू. कोणा वाचकास याहून चांगला शब्द सुचल्यास तो अवश्य योजावा.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर करू. कर्करोग मूळ जागा सोडून पसरतो, त्याच्या पेशी रक्तातून वाहत जाऊन मेंदूत नवी गाठ धरतात, हे आपण ऐकलेले असते. ते निराळे. तेथे शत्रू स्वतः चालून आलेला असतो. दूराघाती विकारात मेंदूत कर्करोगाची एकही पेशी सापडत नाही. शत्रू जेथल्या तेथे असतो, बहुधा अगदी लहान असतो, आणि तरीही दूर अंतरावर मेंदूतील पेशी मरत असतात किंवा मुक्या होतात. हे कसे घडते, या कोड्याने वैद्यांना पुष्कळ वर्षे छळले.

कर्करोग दुरूनही खूण करतो, ही गोष्ट मात्र पूर्वीच लक्षात आली होती. पॅरिसचे विख्यात वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली आपल्या व्याख्यानांत सांगितले की, काही कारण नसता एकामागून एक शिरांत रक्त गोठू लागले, तर पोटात दडलेल्या कर्करोगाची शंका घ्यावी. दोनच वर्षांनी, १८६७ साली, तीच खूण त्यांना स्वतःच्या अंगावर दिसली. आपल्या शिष्याला त्यांनी आता आशा नसल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाने ते निवर्तले. स्वतः लिहिलेले लक्षण स्वतःच्या देहावर वाचण्याचा असा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

त्रूसोंची खूण रक्ताची होती. मज्जासंस्थेची खूण स्पष्टपणे वाचली गेली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. डेरेक डेनी-ब्राऊन यांनी १९४८ साली दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांचीही स्पर्शसंवेदना नष्ट होत गेली होती. मृत्यूनंतर पाहता मज्जारज्जूच्या शेजारी असणाऱ्या, संवेदना वाहून नेणाऱ्या पेशींच्या गाठी उद्ध्वस्त झाल्या होत्या, आणि दोघांच्याही फुप्फुसांत कर्करोग होता. त्यानंतर १९५१ साली लंडनमधील रसेल ब्रेन व त्यांचे सहकारी डॅनिएल आणि ग्रीनफील्ड यांनी अनुमस्तिष्काचा, म्हणजे लहान मेंदूचा, झपाट्याने होणारा ऱ्हास आणि कर्करोग यांचा संबंध मांडला. मेंदूच्या वैद्याचे आडनावच 'ब्रेन' असावे, आणि त्याने पुढे 'ब्रेन' याच नावाच्या नियतकालिकाचे संपादनही करावे, हा योगायोग आमच्या विद्यार्थी मित्रांच्या सहसा विस्मरणात जाणार नाही.

लहान मेंदू हा हालचालींचा सूत्रधार. हात किती पुढे न्यावा, कोठे थांबवावा, पाऊल किती उचलावे, याचा हिशेब तो आपल्या नकळत करीत असतो. त्यातील मोठ्या, झाडासारख्या फांद्या असलेल्या पेशींना पुर्किंजे पेशी म्हणतात. दूराघाती विकारात काही आठवड्यांत त्या बहुसंख्येने नाहीशा होतात. काल-परवापर्यंत सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला चहाची कपबशी तोंडापर्यंत नेता येत नाही. बोलणे अडखळू लागते. चालणे दारू प्यायलेल्या माणसासारखे दिसते. त्यातून शेजारीपाजारी जे बोलतात ते आणखी निराळेच दुःख. विशेष हे की, आरंभी मेंदूचे चित्र काढले तर ते बहुधा निर्दोष येते.

'काही आठवड्यांत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तोल जाण्याची कारणे अनेक. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांत आढळलेल्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात लहान मेंदू झिजतो आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होते. वाडिया हे इंग्लंडमध्ये रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकलेले, आणि त्यांचा हा लेखही 'ब्रेन' नियतकालिकातच आला. तो विकार पिढ्यान् पिढ्या चालत येतो आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. याच्या उलट, घराण्यात कोणाला काही नसता, पन्नाशी-साठी गाठलेल्या माणसाचा तोल दीड-दोन महिन्यांत साफ गेला, तर वैद्याचे मन दुसऱ्या दिशेने धावते. रोग कोणत्या वेगाने आला हे विचारणे म्हणजे अर्धे निदान करणे होय, असे जाणती डॉक्टरमंडळी म्हणतात ते याचसाठी.

आता स्नायूंकडे वळू. लंडनमध्ये १९५३ साली फुप्फुसात कर्करोग असलेल्या एका रोग्याला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्याचे औषध दिले, तेव्हा त्याचा श्वास अपेक्षेहून फार वेळ बंद राहिला. त्याचे स्नायू मुळातच दुबळे होते. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लॅम्बर्ट, ईटन व रूक यांनी १९५६ साली अशाच रोग्यांचा विद्युत्-यंत्रांनी अभ्यास केला, आणि आज हा विकार लॅम्बर्ट व ईटन यांच्या नावाने ओळखला जातो. रोग्याला खुर्चीतून उठणे, जिना चढणे जड जाते. तोंडाला कोरड पडते. आणि गंमत अशी की, थकलेला स्नायू वापरल्याने अधिक थकावा, तर येथे काही क्षण जोर लावल्यावर तो थोडा वेळ सुधारतो! गुडघ्यावर हातोडी मारली असता पाय उडत नाही. रोग्याने दहा-पंधरा सेकंद मांडी ताठ आवळून धरली की मग उडू लागतो. ही युक्ती खाटेजवळ उभे राहून, कोणत्याही यंत्रावाचून करता येते. आम्हांस ती फार सुंदर वाटते.

याचे कारणही समजले आहे. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियमचे कण आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. मेंदूची आज्ञा आली की ती उघडतात, कॅल्शियम आत येते आणि त्यासरशी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य बाहेर पडून स्नायूला आकुंचनाचा निरोप देते. या रोगात ती द्वारे बुजतात, निरोप अपुरा जातो. लागोपाठ आज्ञा दिल्या म्हणजे आत थोडे थोडे कॅल्शियम साठते आणि निरोप पुरेसा होतो. ही द्वारे बुजविणारा घटक रोग्याच्या रक्तातच असतो, हे इंग्लंडमध्ये लँग, न्यूसम-डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखविले. त्यांनी रोग्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, आणि उंदरांच्या स्नायूंत तोच दोष उतरला. या विकाराच्या सुमारे निम्म्या किंवा थोड्या अधिक रोग्यांत फुप्फुसाचा लहान पेशींचा कर्करोग सापडतो. आणि हा कर्करोग बव्हंशी धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो, हे विडी ओढणाऱ्या थोरामोठ्यांनी हा अंक चाळला तर त्यांच्या नजरेस पडावे.

प्रतिपिंडे म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. देवीची लस टोचली की देवी येत नसे, ती यांच्याच बळावर. शरीराचे शिपाई परक्या जंतूच्या अंगावरील विशिष्ट खूण हेरतात आणि ती खूण दिसेल तेथे चिकटून बसणारी प्रथिने तयार करतात, तीच प्रतिपिंडे. त्यांच्या जोडीला मारेकरी पेशीही असतात, त्या खूण दाखविणाऱ्या पेशीलाच ठार करतात. हे शिपाई इतके दक्ष असता ते आपल्याच मेंदूवर का उलटावेत?

उत्तरासाठी आपल्या गावाकडे पाहू. किला गेटवरून किल्ल्यावर जाणारा जो चढ आहे, त्यावर आलमगिरी दरवाजापासून हत्ती पोळीपर्यंत दरवाजांमागून दरवाजे लागतात. वाटेतील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे आणि त्यात २७० हा आकडा शून्यासह कोरलेला आहे, म्हणून जगभरचे गणिती तेथे येतात. पण तो विषय वेगळा. आपल्याला हवे आहेत ते दरवाजे. असे समजा की, जुन्या काळी पहारेकऱ्यांपैकी फारच थोड्यांना वर महालापर्यंत जाण्याची मुभा होती. महालातील माणसांचा पेहराव खालच्या शिपायांनी कधी पाहिलेलाच नव्हता. मेंदूचे असेच आहे. रक्तातील वाटेल ते द्रव्य किंवा पेशी मेंदूत शिरू नये म्हणून तेथील रक्तवाहिन्यांच्या भिंती अतिशय घट्ट असतात, आणि मेंदूच्या पेशींत अशी काही प्रथिने असतात की जी शरीरात अन्यत्र बहुधा आढळत नाहीत.

आता खाली गावात एक चोर शिरला आणि त्याने नेमका महालातला पेहराव चोरून अंगावर चढविला. कर्करोगाची पेशी हेच करते. तिच्यातील नियंत्रण बिघडलेले असल्याने जी प्रथिने केवळ मज्जापेशींनी करावयाची ती ती स्वतः करू लागते. शिपाई हा अनोळखी पेहराव पाहतात, चोर ओळखतात आणि त्याला बडवू लागतात. येथवर त्यांचे काही चुकले नाही. परंतु आता 'हा पेहराव म्हणजे चोर' अशी खूणगाठ त्यांच्या मनात पक्की बसते. पुढे त्यांतील काही जण दरवाजे ओलांडून वर जातात. पाहतात तो महालात सगळीकडे तोच पेहराव! मग जी कत्तल होते तीच या रोगाची लक्षणे. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे मात्र चोर अगदीच सुटत नाही, त्यालाही मार बसतो. म्हणून तर या रोग्यांतील गाठ पुष्कळदा लहान आणि एकाच ठिकाणी अडकलेली सापडते. ती इतकी लहान असते की नेहमीच्या तपासात हुलकावणी देते. निम्म्याहून अधिक रोग्यांत मज्जासंस्थेची लक्षणे आधी येतात, आणि कर्करोग त्यानंतर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी उघडकीस येतो.

हे सारे अनुमान ज्या पुराव्यावर उभे आहे तो १९८० नंतरच्या दशकात हाती आला. न्यूयॉर्क येथे ग्राउस, पोझनर व त्यांचे सहकारी यांना १९८५ साली स्पर्शसंवेदना गमावलेल्या, फुप्फुसात कर्करोग असलेल्या रोग्यांच्या रक्तात मज्जापेशींच्या केंद्रांना चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. त्यांना 'हू' असे नाव मिळाले. लहान मेंदूवर आघात करणारी आणि बहुधा स्त्रियांच्या अंडाशयाच्या वा स्तनाच्या कर्करोगाबरोबर येणारी ती 'यो'. आणखी एक जात 'री'. ही कोणत्या ग्रीक देवतांची नावे नव्हेत. ज्या रोग्यांच्या रक्तात ती प्रथम आढळली, त्यांच्या आडनावांची ही पहिली दोन-दोन अक्षरे! शोध लावणाऱ्यांची नावे रोगांना देण्याची चाल जुनी आहे. येथे मात्र रोग भोगणाऱ्यांची आद्याक्षरे शास्त्रात राहिली. ती माणसे कोण होती हे जगाला ठाऊक नाही, परंतु त्यांनी दिलेल्या रक्ताच्या खुणेवरून आज देशोदेशीच्या प्रयोगशाळांत निदान होते.

या नव्या शोधातून एक मोठा भेद पुढे आला, आणि रोग्याचे दैव पुष्कळसे त्यावर अवलंबून असते. 'हू' आणि 'यो' यांचे लक्ष्य मज्जापेशीच्या आत असते. तेथे प्रतिपिंड ही केवळ खूण. नाश करतात त्या मारेकरी पेशी. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून अशा रोग्यांत उपचार त्वरेने झाले तर ऱ्हास थांबतो, गेलेले क्वचितच परत येते. याच्या उलट काही प्रतिपिंडे पेशीच्या पृष्ठभागावरील द्वारांना चिकटतात. पेशी मरत नाही, नुसती मुकी होते. प्रतिपिंडे दूर केली की ती पुन्हा बोलू लागते. लॅम्बर्ट-ईटन विकार असाच. आणि २००७ साली जोसेप दालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलेला मेंदूदाहही असाच.

या शेवटच्या विकाराबद्दल आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत, कारण तो तरुण मुलींना व मुलांनाही होतो. दालमाऊ यांनी वर्णिलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा जणींच्या अंडाशयात आणि एकीच्या छातीत 'टेराटोमा' नावाची गाठ होती. ही गाठ विचित्र असते. तिच्यात केस, दात आणि मेंदूसारखा ऊतकही आढळतो. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसतेही. त्या ऊतकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मेंदूतील 'एन्‌एम्‌डीए' या ग्राहकांना चिकटतात. हे ग्राहक स्मरण आणि विचार यांच्या कामातले. आरंभी डोकेदुखी, बारीक ताप. मग काही दिवसांतच मुलगी असंबद्ध बोलू लागते, भलत्याच गोष्टींना भिते, हसते, ओरडते, झोप उडते. पुढे झटके येतात, तोंड व हात चमत्कारिक रीतीने हलू लागतात, बोलणे बंद पडते, आणि कधी श्वासही यंत्रावर चालवावा लागतो.

अशी मुलगी एखाद्या घरात असेल तर काय होते, याची कल्पना करणे आपल्याला कठीण नाही. कोणी बाहेरची बाधा म्हणेल, कोणी देवऋषी किंवा ओझा आणील, कोणी सुचवील की लग्न मोडल्याचे वा परीक्षेचे डोक्यात गेले. युरोप-अमेरिकेतही अशा रोग्यांची प्रथम मनोविकारांच्या रुग्णालयांत रवानगी झालेली आहे. तेव्हा हसण्यासारखे कोणालाच काही नाही. न्यूयॉर्कमधील वार्ताहर सुझॅना कॅहॅलन हिला २००९ साली, चोविसाव्या वर्षी, हा विकार झाला. एकापाठोपाठ तपासण्या निर्दोष आल्या. शेवटी डॉ. नजार यांनी तिला कागदावर घड्याळ काढावयास सांगितले. तिने बाराच्या बारा आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्या भागात कोंबले! डावीकडचे जग तिच्या मनातून पुसले गेले होते. अर्थात मेंदूच्या उजव्या बाजूस दाह होता. साध्या कागद-पेन्सिलीने यंत्रांना न दिसलेली गोष्ट दाखविली. तिच्या शरीरात गाठ सापडली नाही. या विकाराच्या अनेक रोग्यांत ती नसतेच, आणि लहान मुलांत तर फारच कमी वेळा असते. ती बरी झाली, आणि आपली हकीकत तिने २०१२ साली पुस्तकरूपाने लिहिली. पुढे २०१३ साली ५७७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा करता आलेल्यांपैकी पाचांतील चार जण चांगले सुधारले होते, आणि उपचार जितके लवकर तितका गुण अधिक, असे दिसून आले.

हा विकार मनुष्यापुरताच आहे असे कोणी समजू नये. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात क्नुट नावाचे पांढरे अस्वल होते. आईने टाकलेले, माणसांनी बाटलीने दूध पाजून वाढविलेले, म्हणून सर्व जगात लोकप्रिय झालेले. १९ मार्च २०११ रोजी प्रेक्षकांच्या समोरच त्याला झटका आला आणि ते पाण्यात पडून बुडाले. त्याच्या मेंदूला दाह झाला होता, पण जंतू सापडेना. चार वर्षांनी, २०१५ साली, त्याच्या मेंदूभोवतीच्या द्रवात हीच प्रतिपिंडे असल्याचे सिद्ध झाले. गाठीचा संबंध तेथे नव्हता, परंतु शिपायांची ही भूल जनावरांतही होते हे प्रथमच कळले.

लहान बाळांचा एक विकार येथे सांगितला पाहिजे. मार्सेल किन्सबोर्न यांनी १९६२ साली सहा बालकांचे वर्णन केले. त्यांचे डोळे एकसारखे सर्व दिशांना नाचत होते, हातपाय थडथडत होते आणि बसता-चालता येईनासे झाले होते. इंग्रजीत त्याला 'नाचरे डोळे' अशा अर्थाचे नाव पडले. अशा सुमारे निम्म्या बालकांत मूत्रपिंडावरील ग्रंथीपाशी किंवा पाठीच्या कण्यालगत 'न्यूरोब्लास्टोमा' ही गाठ असते. त्या गाठीपासून ही मुले बहुधा वाचतात. कारण शिपायांनी तिला आधीच जेरीस आणलेले असते. मागे राहतो तो मेंदूवरील आघात, त्याचे उपचार पुष्कळ दिवस चालवावे लागतात.

आपल्या देशात या विषयाचा पाया दोन वाटांनी घातला गेला. मज्जाविकारांच्या वाटेवर वाडियांसारखी माणसे होती, हे वर आलेच. कर्करोगाच्या वाटेवर पहिले नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. मुंबईत परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या. पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. संघवी व राव यांच्यासह त्यांनी १९५५ साली तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुखाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. याच खानोलकरांनी कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंच्या वाटेने कसे पसरतात याचाही बारकाईने अभ्यास केला होता. त्यांच्याच केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. ग्वाल्हेरात गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली निघाले, आणि कॅन्सर हॉस्पिटल ज्या टेकडीवर आहे तिला लोक 'कॅन्सर पहाडी' म्हणूनच ओळखतात. प्रतिपिंडांची रक्ततपासणी आज भारतातही होते. त्यासाठी रोग्याला परदेशी जावे लागत नाही.

निदानाची रीत थोडक्यात अशी. प्रथम नेहमीची कारणे वगळावयाची, कारण लटपटणाऱ्या पायांमागे जीवनसत्त्वाचा अभाव, मधुमेह, अर्धांगवायू, क्षयरोगाचा दाह यांपैकी काही असण्याचा संभव कितीतरी पटींनी अधिक. कर्करोग झालेल्यांतही हे विकार शंभरांत एकाहून कमी जणांना होतात. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपल्या आजोबांच्या काठीकडे संशयाने पाहू नये. नेहमीची कारणे सापडली नाहीत आणि विकार आठवड्या-आठवड्याने वाढत असेल, तर रक्त व मज्जारज्जूभोवतीचा द्रव यांत प्रतिपिंडे शोधतात. सापडलेली जात गाठ कोठे शोधावी हेही सुचविते : 'हू' असेल तर फुप्फुस, 'यो' असेल तर अंडाशय व स्तन. गाठ दिसली नाही तरी डॉक्टर शोध सोडत नाहीत. दर चार-सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, पुन्हा पुन्हा पाहतात. घरच्यांना हा खर्च आणि हेलपाटे निरर्थक वाटू लागतात, आणि नेमके याच वेळी रोगी तपासणीला येणे सोडतो. गाठ काढणे वा जाळणे हा मुख्य उपचार. त्याच्या जोडीला स्टिरॉइडे देऊन शिपायांचा आवेश कमी करतात, निरोगी माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडे शिरेतून देतात, किंवा रोग्याचा रक्तद्रव काढून बदलतात.

उपचारांतही एक पेच आहे. शिपायांना आवरावे तर मेंदू वाचतो, पण गाठीवरचा पहारा ढिला होण्याची भीती. आवरू नये तर मेंदू जातो. अलीकडे याच पेचाची दुसरी बाजू उजेडात आली. शरीराच्या शिपायांना स्वाभाविकपणे जे लगाम असतात ते सैल करून त्यांना कर्करोगावर सोडण्याची विद्या जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांच्या संशोधनातून निघाली. तिचे पहिले औषध २०११ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि २०१८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी ज्यांची आशा सोडली जाई असे काही रोगी या औषधांनी वर्षानुवर्षे जगत आहेत. परंतु लगाम सुटलेल्या या शिपायांनी काही थोड्या रोग्यांत डोळ्यांच्या पापण्या उचलणारे स्नायू दुबळे केले, काहींत मेंदूस दाह केला, काहींच्या रक्तात 'हू' प्रतिपिंडेही आढळली. डेनी-ब्राऊन यांनी १९४८ साली ज्या दोन रोग्यांत निसर्गाची करणी पाहिली, तीच आता औषधाच्या बाटलीतून येऊ शकते. म्हणून अशी औषधे चालू असलेल्या रोग्याला कर्करोगाच्या वॉर्डातील डॉक्टर आता दर भेटीला विचारतात : जिना चढता येतो ना, एकाच्या दोन वस्तू दिसत नाहीत ना, हातापायांना मुंग्या येत नाहीत ना?